साळवे बाईंनी वार बंद केले

सन एकोणीसशे बहात्तर. माझं वय तेव्हा एकतीस. आई म्हणायची बत्तीस, पण तिला मला लवकर मोठा करायची घाई असायची. त्या साली साळवे बाई आमच्या गावात मास्तरीण म्हणून आल्या आणि आमच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत राहिल्या. जेमतेम दीड वर्ष. पुढं पन्नास वर्षं गेली, पण मला माणूस म्हटलं की आधी त्याच आठवतात.

मी दुसरी पास. तिसरीच्या मास्तरनं विनाकारण कानफटात दिली, मी पाटी त्याच्या पुढ्यात ठेवली आणि घरी आलो तो परत गेलो नाही. आता नातू म्हणतो, आजोबा, तुम्ही सांगा, मी लिहितो. मी म्हटलं, तुझं अक्षर तुझ्या कामाला ठेव. माझं वाकडं असलं तरी हात माझा आहे. जे मी बघितलं ते दुसऱ्याच्या हातानं लिहायचं नाही.

आमचं गाव पाथर्डीच्या अंगाला. एस.टी. फाट्यावर सोडायची, तिथून मुरमाची वाट. बाई आल्या तेव्हा पत्र्याची ट्रंक एका धनगराच्या गाढवावर, काखेत वळकटी, आणि डोक्यावर उघडी काळी छत्री. पावसानं गावाकडं पाठ फिरवलेली. विहिरी खडखडीत, जनावरं छावणीत, आम्ही सगळे पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला. त्यात ही छत्री. पारावरच्या एकानं विचारलंच, "बाई, वाटंत पाऊस लागला काय?"

"ऊन लागलं," बाई म्हणाल्या आणि पुढं चालू लागल्या. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

आईनं दारातच जात विचारली. तेव्हा विचारायचेच.

"ख्रिस्ती," बाई म्हणाल्या. "नगरची. माझं पाणी मी वेगळं भरीन, तुमचा माठ बाटणार नाही."

आई म्हणाली, "आगं बाई, माठ बाटायला आधी त्यात पानी नको का? ये आत."

असं ते जमलं. बाईंचं नाव एस्तेर. आईच्या जिभेला ते झेपेना, ती इस्तर म्हणायची. चाळिशी उलटलेली बाई. अंगानं काटकुळी, लुगडं नाही, पांढरं पातळ, गळ्यात काही नाही. नवरा होता का, वारला का, कोणी विचारलं नाही असं नाही, पण बाई उत्तर द्यायच्या आधी छत्रीची मूठ पुसायला लागायच्या आणि विचारणाराच विषय बदलायचा. काळा चहा प्यायच्या, गुळाचा खडा दातात धरून. सरकारनं परदेशातून आणलेल्या लाल ज्वारीची, मिलोची, भाकरी आमच्यासारखीच खायच्या आणि आमच्याइतक्याच शिव्या त्या मिलोला घालायच्या, फक्त त्यांची शिवी "अरेरे" एवढीच.

पण गाव हसलं ते दुसऱ्याच गोष्टीला. बाई पोरांना अहो म्हणायच्या. पहिलीतलं शेंबडं पोर, चड्डीला गुंडी नाही, त्याला बाई म्हणणार, "अहो जाधव, नाक पुसा आणि बसा." पोरीला, "अहो सुभद्राबाई, तुमची पाटी फुटली वाटतं." पोरं आधी मागं वळून बघायची, बाप आला की काय म्हणून. कामावर ही गोष्ट पसरली. खडी फोडता फोडता बाया एकमेकींना चिडवायच्या, "अहो पाटी, जरा भरा की! अहो दगड, फुटा की लवकर!" कोणी म्हणालं, बाईनं शाळंत शिरलेल्या बकरीलाबी अहो म्हणून बाहेर काढलं. ते खोटं नसावं.

मी एकदा विचारलं, "बाई, एवढ्याशा पोराला अहो कशाला? माजतील की."

"माजू देत," त्या म्हणाल्या. "सखाराम, ज्याला सगळं गाव अरे-तुरे करतं, त्याला नाही म्हणता येत नाही. मोठ्यानं काही सांगितलं की तो उठतो आणि करतो. मला त्यांना एवढंच शिकवायचंय. बाकी पाढे येतीलच."

मला तेव्हा ते काही उमजलं नाही. मी मान डोलावली, कारण मला उमजलं नाही हे मला दाखवायचं नव्हतं.

दुसरी खोड म्हणजे, पोर बोलायला आलं की बाई खाली बसायच्या. खुर्चीवर असल्या तर उठून खाली, ओट्यावर असल्या तर उतरून जमिनीवर. पोर उभं आणि मास्तरीण मातीत. पातळाची पर्वा नाही. आणि ऐकताना हात आपल्याच मांडीत ठेवायच्या. पोराचा हात धरायचा नाही, गाल ओढायचे नाहीत. आमच्याकडं पोर दिसलं की आधी गालगुच्चा. बाईंचं वेगळंच. पोरानं आपण होऊन हात पुढं केला तर मात्र सोडायच्या नाहीत.

शाळा चार खोल्यांची, सातवीपर्यंत. मास्तर तीन, बाई चौथ्या. हेडमास्तर जुना. त्याचं नाव मी लिहीत नाही. भीतो म्हणून नाही, त्याचे नातू हयात आहेत आणि त्यांनी कोणाचं काही केलेलं नाही. गाव त्याला गुरुजी म्हणायचं आणि त्याच्या पाया पडायचं. तसं कारणही होतं. शाळेच्या दोन खोल्या त्यानंच खटपट करून आणल्या. कोणाचा अर्ज असो, ऊसतोडीला गेलेल्या लेकाचं कारखान्यावरून आलेलं कार्ड म्हातारीला वाचून दाखवायचं असो, कामावर नाव लागत नसलं तर कारकुनाला शब्द टाकायचा असो, गुरुजी. आणि त्या दुष्काळात पोरांना सरकारी सुकडी यायची, भरडलेल्या धान्याची गोडसर, तिच्या कोठीची किल्ली गुरुजीच्या जानव्याला. गोरापान माणूस, कपाळाला गंध, बोलणं साखरेचं. बायको त्याच्या गावी. इथं तो एकटा, शाळेच्या मागच्या खोलीत.

एकटा म्हणून गावानं त्याची सोय लावून दिली होती. वरच्या वर्गातल्या पोरींनी त्याची खोली झाडायची, दारात सडा घालायचा, माठ भरायचा, आठवड्याला सारवायचं. रोज एकीचा वार. हे काय आमच्याच गावात होतं असं नाही, लई ठिकाणी होतं. गुरूची सेवा. ज्या पोरीचा वार असेल तिची आई विहिरीवर मुद्दाम मोठ्यानं सांगायची, "आज आमच्या हिचा गुरुजीकडं वार हाय बाई, मला लौकर जायचं." वाराच्या पोरीला सुकडी माप सोडून जास्त मिळायची.

त्या साली ऊसतोडीला जाणारी घरं वाढली. दिवाळी झाली की बाया-माणसं गाड्या जुंपून बागायतीकडच्या कारखान्यांवर, आणि पोरं मागं म्हाताऱ्यांजवळ. अशा पोरींना गुरुजी जास्त वार लावायचा. गाव म्हणायचं, बघा, दयाळू आहे, तेवढीच लेकराच्या पोटाला सुकडी.

हौसा त्यातली. सहावीत. आईबाप तोडीवर, घरी आजी, तिला दिसत नव्हतं, आणि एक धाकटा भाऊ, कडेवरचा. चुणचुणीत पोर. गाणं म्हणत पाणी आणायची.

बाईंनी आल्याबरोबर काही केलं नाही. बघत राहिल्या. मग एक दिवस मला म्हणाल्या, "सखाराम, तुमची खडी फोडायची सुतकी आणि छिन्नी घेऊन शाळेत या."

गेलो. कोठीच्या दाराला आतून कडी होती. बाई म्हणाल्या, "ही काढा."

"बाहेरची?"

"आतली. धान्याला आतून कडी लागत नाही. धान्य काही दार लावून निजत नाही."

मी विचारलं, "गुरुजी काय म्हनतील?"

"मला म्हणतील. तुम्ही फक्त छिन्नी लावा." मी कडी उपटली. उपटता उपटता विचारलं, हे तुमच्या डोक्यात कुठून आलं? बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी बोर्डिंगात वाढले, सखाराम." बस्स. मीही विचारलं नाही. कडी त्यांनी ओढ्यात फेकून दिली.

त्यानंतर चार दिवसांनी त्यांनी वर्गात सांगितलं, गुरुजींच्या खोलीचे वार आजपासून बंद. कोणत्याही मुलीनं कोणत्याही मास्तराच्या खोलीवर जायचं नाही.

गावात आग लागली म्हणा ना. पोरींच्या आया आमच्या दारात. सगळ्यांच्या पुढं रखमाकाकू, वरच्या आळीची. तिच्या तोंडाला लागायला सरपंचही कचरायचा.

"का गं बये, आमच्या पोरींचं पुन्य तुला का टोचतंय? माझ्या थोरलीनं दोन वर्सं गुरुजीची खोली सारवली, म्हनून तिला सोन्यावानी घर मिळालं. तू आलीस कालची, ती बी किरिस्तावाची!"

"सारवायला हवंच ना?" बाई म्हणाल्या.

"मंग? गुरुजीनं काय शेनात हात घालायचा व्हय?"

"नको. मी घालते. शेण तेवढं कोणीतरी द्या, आमच्याकडं जनावर नाही."

आणि बाईंनी ते खरं केलं. शनिवारची शाळा सुटली की पदर खोचून हेडमास्तरची खोली सताड उघडी टाकून सारवायच्या, गावानं बघावं म्हणून. हेडमास्तर बाहेर बाभळीखाली उभा. चेहरा हसरा. मला त्या हसण्याची शिसारी यायला लागली, का ते सांगता येत नव्हतं.

पण एवढ्यानं संपलं नाही. गुरुजीनं पोरींच्या घरी निरोप धाडून वार चालू ठेवले. आजीला निरोप, हौसाला पाठवा, तुमचं कार्ड आलंय, वाचून दाखवतो. आंधळी म्हातारी, लेकाचं कार्ड म्हटल्यावर पाठवणारच. बाईंच्या ध्यानात एक गोष्ट आली, ती नंतर त्यांनी आईला सांगितली. हौसा तिकडं जाताना भावाला कडेवर घेऊन जायची. शाळेत येताना त्याला आजीपाशी ठेवायची, पाण्याला जाताना ठेवायची, पण तिकडं जाताना झोपलेलं पोर उठवून घेऊन जायची. आणि सुकडी खायची बंद झाली होती. भुकेच्या साली लेकरू गोड खाणं थुंकतं म्हणजे काय?

बाईंनी तिला काही विचारलं नाही. फक्त एवढं केलं, की रोज शाळा सुटल्यावर आमच्या ओट्याखाली फाटके कपडे शिवत बसायच्या. कोणाही पोराचं फाटकं असो, आणा. हौसाही परकर घेऊन यायची. शेजारी बसायची. दिवस गेले.

एका दुपारी मी कामावरून पाय ठेचकाळला म्हणून लवकर आलो. अंगणात बाई मातीत बसलेल्या, हौसा समोर उभी. पोरगी बोलत होती. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही आणि आलं असतं तरी मी लिहिलं नसतं. मी कुडाच्या अलीकडंच थांबलो. बाईंचे हात मांडीत. मान सुद्धा हलली नाही. "अगं बाई" नाही, "मग काय झालं" नाही. पोरगी बोलायची थांबली तेव्हा बाई म्हणाल्या, एवढं मी ऐकलं, "हौसाबाई, तुम्ही सांगितलंत हे फार बरं केलंत. तुमचं काही चुकलेलं नाही. आज कुठं झोपायला बरं वाटेल?"

पोरगी म्हणाली, "हितं."

त्या दिवसापासून हौसा, तिचा भाऊ आणि आजी आमच्या पडवीत. आईनं विचारलं नाही का आणि कशाला. बाईंचं तोंड बघितलं आणि गोधड्या काढल्या. मग बाईंनी आईला आत नेऊन सगळं सांगितलं. आई बाहेर आली ती चुलीपुढं बसली आणि पेटलेली चूल असून फुंकणीनं फुंकतच राहिली.

बाई दुसऱ्या दिवशी तालुक्याला, शाळांवरच्या साहेबाकडं. आमच्याकडची जुनी माणसं त्याला दिपोटी म्हणत. संध्याकाळी आल्या. मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, "चहा दिला. म्हणाले, बाई, जरा सबुरीनं. गावातलं गावात मिटवा. मी सरपंचांना निरोप देतो." छत्री मिटवायला गेल्या तर मिटेना, तशीच उघडी कोपऱ्यात ठेवली.

साहेबाचा निरोप आला आणि सरपंचानं बाजारच्या दिवशी सकाळी, कामाला सुट्टी असते तेव्हा, खंडोबाच्या देवळात बैठक बोलावली. आमच्याकडं खरं-खोटं करायची एकच रीत. खंडोबापुढं बेल-भंडारा उचलायचा आणि सगळ्या गावासमोर बोलायचं. खोटं बोलेल त्याला देव बघेल. बांधाचं भांडण असो की चोरी, तंटा तिथं संपायचा. सरपंच वाईट माणूस नव्हता. त्याला वाटलं, हाच न्याय. पोरगी येईल, भंडारा उचलेल, गुरुजीच्या तोंडासमोर सांगेल, मिटलं.

देऊळ भरलं. बाया बाहेर पायरीखाली, पुरुष मंडपात. हेडमास्तर खांबाला टेकून, धुतलेलं धोतर, कपाळाला गंध. बाई एकट्या मंडपात आल्या. आईनं मला दंडाला धरून त्यांच्या मागं उभं केलं.

सरपंच म्हणाला, "पोरगी कुटं हाय?"

"घरी," बाई म्हणाल्या. "ती येणार नाही."

"न्हाई कशी? आरोप तिचा."

हेडमास्तर शांतपणे म्हणाला, "येऊ द्या की. मला लेकीसारखी आहे. माझ्याकडं बघून सांगू दे, मी आत्ता गाव सोडतो."

"ती तुमच्याकडं बघणार नाही," बाई म्हणाल्या. "आता कधीच नाही. ती एकदा बोलली आहे. जे बोलली ते मी ऐकलं. ज्याला ऐकायचं असेल त्यानं माझ्याकडून ऐकावं."

"तुमी सोता पायलं का बाई?"

"नाही."

"मंग?"

"सरपंच, मूल खोटं बोलतं ते खाऊसाठी, नाहीतर मार चुकवायला. असलं खोटं बोलायला त्याच्याजवळ शब्दच नसतात. तिच्याजवळही नव्हते. माझ्या जन्मात एवढं अवघड बोलणं मी ऐकलेलं नाही. ते तिला इतक्या पुरुषांसमोर पुन्हा बोलायला लावणार? भंडारा हातात देऊन?"

"ही आमची रीत हाय."

"मोठ्यांची असू दे. लेकराला इथं आणायचं नाही."

मागून कोणीतरी ओरडलं, "हिला गुरुजीची खुर्ची पायजे!" दुसरा म्हणाला, "किरिस्तावाची बाय, हिला भंडाऱ्याचं काय?" सरपंचानं कोतवालाला खूण केली, जा, पोरीला घेऊन ये. कोतवाल उठला. बाई जाऊन वाटेत उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही. म्हणाल्या, "अहो कोतवाल, तुम्हाला पण लेक आहे. चौथीत आहे, मला माहीत आहे. बसा खाली." कोतवालानं सरपंचाकडं बघितलं, बाईंकडं बघितलं आणि तो तिथल्या तिथं खाली बसला. परत उठलाच नाही.

"मग शपथ कोन घेनार?" सरपंच चिडला. "कोनीतरी उचलाय पायजेल का न्हाई?"

"मी घेते," बाई म्हणाल्या.

"तुजा देव येगळा."

तेव्हा पायरीखालून आई वर आली. साळवे बाईंना बोलावलं होतं, एरवी बाईमाणसानं मंडपात यायची रीत नव्हती. आली ती सरळ देवापाशी, मूठभर भंडारा उचलला, वर बेलाचं पान. थोडा भंडारा लुगड्यावर सांडला.

"माजा देव तर ह्योच हाय ना?" आई म्हणाली. "मी उचलते. पोरीनं सांगितलं ते बाईनं ऐकलं, बाईनं सांगितलं ते मी ऐकलं. मला पटलं. खोटं असंल तर माजा सखाराम देवानं न्यावा. हा हितं उभा हाय."

मी उभा होतो. मला तेव्हा भीती वाटली नाही, अभिमान वाटला, आणि अजून वाटतो.

हेडमास्तर हसला आणि म्हणाला, "म्हाताऱ्या बाईच्या बोलण्यावर—"

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. बाहेरच्या बायांतून आवाज आला. आधी ओळखू आला नाही, इतका बारीक होता. रखमाकाकू. ती कोणाकडं बघत नव्हती, जमिनीकडं बघत होती. "माजी थोरली वाराच्या दिवशी रडायची," ती म्हणाली. "आजारी पडायची. म्हनायची, आये, मला नगं पाठवू. मी चुलीतल्या लाकडानं मारून पाठवली. दोन वर्सं." मग ती वर बघून एकदम म्हणाली, "मी मारून पाठवली गं!" आणि खालीच बसली.

दुसरी एक बाई उठून गेली. तिची लेक पाचवीत होती. मग आणखी एक. एकेक करत घरी गेल्या, आपापल्या पोरीकडं. पुरुष माना खाली घालून. सरपंचाच्या घरातली बाईसुद्धा गेली, हे त्यानं बघितलं.

हेडमास्तर उठला. "मला तालुक्याला काम आहे," म्हणाला. पायात चपला घातल्या. गावातून जाताना त्याला रोज शंभर नमस्कार व्हायचे, त्या दिवशी एक झाला नाही. कोणी अडवलंही नाही, हेही लिहितो. मारलं नाही, धरलं नाही. वाट दिली.

घरी आल्यावर बाईंना आई म्हणाली, "जितलीस गं इस्तर." बाई म्हणाल्या, "कोण जिंकलं? आधी कोणीतरी रखमाबाईंजवळ जाऊन बसा. आज त्यांना एकटं ठेवू नका." आई तशीच गेली.

पोलिसात जायचं बाईंच्या मनात होतं. त्या एकट्या जाऊन आल्याही. हवालदार म्हणाला, पोरगी आणा, बाप आणा. बाप हंगाम सुटून आला, बाईंच्या पायाशी डोकं टेकून म्हणाला, "तुमचे उपकार, पन फौजदारकी नगं. तिला जगायचंय अजून." बाईंनी त्याला उठवून बसवलं. मग म्हणाल्या, "हौसाबाईंना विचारा." बापाला हसू की रडू कळेना, अकरा-बारा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं? पण विचारलं. ती म्हणाली, न्हाई जायचं. मग बाईंनी तो विषय काढला नाही. मात्र साहेबाकडं जायचं सोडलं नाही. हा माणूस कोणत्याच शाळेत नको, एवढंच मागणं. दर वेळी एस.टी.नं जायच्या, उन्हात परत यायच्या, गुळाचा खडा तोंडात टाकायच्या.

हौसाचं पुढं काय झालं, ते मी लिहिणार नाही. ते तिचं आहे. ती आहे, एवढं पुरे.

शेवटी साहेबानं हुकूम काढले. दोन. एक बाईंचा, पार आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरात, राजूरच्याही पलीकडं. दुसरा हेडमास्तरचा, आमच्यापासून चार कोसावर, नदीपलीकडच्या गावात. हेडमास्तर म्हणूनच.

बाई निघाल्या तेव्हा मी ट्रंक डोक्यावर घेऊन फाट्यावर गेलो. गावातलं पोरगं न् पोरगं वेशीपर्यंत आलं होतं, बाईंनी एकेकाला अहो-जाहो करून परत पाठवलं. रखमाकाकूनं बोचक्यात शेंगा दिल्या. फाट्यावर सावली नव्हती. छत्री माझ्या डोक्यावर धरायला लागल्या, मी बाजूला झालो. मग दोघंही उन्हात.

"त्या गावात शाळा कितवीपर्यंत आहे?" बाईंनी विचारलं.

"सातवी."

"मुली बऱ्याच असतील."

"असतील की."

"मी साहेबांना म्हटलं, तिथंही मुली आहेत. ते म्हणाले, बाई, तुमच्या गावाची तक्रार मिटली ना? आता झालं." बाईंनी घाम पुसला. "तक्रार गावाची नव्हतीच, सखाराम."

मला म्हणायचं होतं, तुम्ही केलंत तेवढं कोणी केलं नसतं. ते त्यांना आवडलं नसतं. त्यांनीही मला काही सांगितलं नाही. हे करा, तिथं जा, असा एक शब्द नाही. त्या कोणाला कधी सांगायच्या नाहीत, विचारायच्या.

एस.टी. आली. कंडक्टर ट्रंक वर टाकताना शिव्या देत होता, बाई त्याला म्हणाल्या, "अहो, सावकाश, तुमचीच पाठ आहे." तो ओशाळला. बाई खिडकीशी बसल्या. गाडी हलली तेव्हा त्यांनी बाहेर बघितलं नाही. समोर बघत होत्या, मांडीवर छत्री आडवी, तिची मूठ पदरानं पुसत. धुरळा उठला, आणि मग धुरळाच राहिला. त्यानंतर मला त्या दिसल्या नाहीत. डोंगरात कुठं तरी त्यांनी नोकरी संपवली म्हणतात.

घरी आलो, जेवलो नाही. आई म्हणाली, डोकं दुखतंय का? मी म्हटलं, नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी मिलोच्या दोन भाकरी आणि कांदा फडक्यात बांधला. आई जागीच होती. म्हणाली, "कामाचा खाडा पडंल."

"पडू दे."

"तिकडं तुला कोन वळखतंय? गुरुजीला वळखतात. मार खाशील."

"खाईन."

आई उठली, चुलीवरच्या तव्यातली तिसरी भाकरीही माझ्या फडक्यात घातली.

नदी कोरडी, वाळूतून सरळ गेलो. ऊन चढायच्या आत त्या गावात पोचलो. पारावर पुरुष तंबाखू मळत बसलेले, सरपंच कोण ते त्याच्या पटक्यावरून कळलं. त्यांनी विचारलं, कोण गावचं पाव्हणं? मी गाव सांगितलं, थांबलो नाही. पलीकडं विहिरीच्या कडेला बाया घागरी मांडून, तळाला पाणी साचायची वाट बघत बसल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या घरात लेक होती.

मी आधी विहिरीवर गेलो.